खालच्या विहिरीचं पाणी

परवा विष्णुपुरीच्या रस्त्यानं येताना चार पोरं दिसली. एकजण ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून वाकलेला, दुसरा लांब उन्हात लाल-पांढऱ्या आकड्यांची उंच पट्टी धरून उभा, आणि उरलेले दोघं बाभळीच्या विरळ सावलीत बसून त्याच्यावर ओरडत होते, "अबे सरळ धर की ती!" मी गाडी हळू केली. मार्च लागला, पळस फुलून गळायला आला, की इंजिनिअरिंगच्या पोरांचे हे दिवस येतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. उन्हानं रापलेली तोंडं, पाठीवर पिशव्या, आणि आपण कागदावर काढलेली रेघ खरंच जमिनीवर उतरणार आहे असा एक भाबडा विश्वास.

याच दिवसांत पेपरात एक शब्द रोज छापून येतो. मृतसाठा. धरणाच्या दारांच्याही खाली जे पाणी उरतं ते. असतं, पण काढता येत नाही. मी आता नांदेडात पाणी योजनांचे आराखडे करते; हा शब्द दिवसातून कितीदा तरी माझ्या तोंडून जातो. तरी दर उन्हाळ्यात तो पहिल्यांदा वाचला की मला लातूरकडचं ते गाव आठवतं. म्हणजे गावं दोन. एक राहतं आणि एक नुसतं आहे.

आमच्या प्रोजेक्टला आम्ही तिघं होतो. मी हदगावची; वडील शाळामास्तर. आफरीन नांदेडचीच, आमच्यात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भित्री. आणि महेश. प्रोजेक्टसाठी गाव निवडायचं होतं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "आमच्याच गावाचं करू. होळीपासून टँकर चालू असतो आमच्याकडं."

त्याचं गाव भूकंपानंतर वसवलेलं. पत्र्याची आणि सिमेंटची सारख्या मापाची घरं, सरळ रस्ते, कोपऱ्यावर गल्लीचा क्रमांक. नवं गाव उंचावर, खडकावर बसवलेलं. बोअर मारावी तर धूळ उडायची. जुनं गाव खाली, ओढ्याच्या काठाला. तिथं आता कुणी राहत नव्हतं. सीताफळी आणि येड्या बाभळी माजल्या होत्या. महेशचा जन्म भूकंपानंतरचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा त्याहून नंतरचा. जुनं गाव त्यांनी फक्त गुरांच्या मागं जाताना पाहिलेलं.

प्रोजेक्टच्या सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "योजना आजच्या माणसांसाठी नसते. जी अजून जन्मली नाहीत, त्यांच्यासाठी असते. त्यांची संख्या आधी काढा." आम्ही जनगणनेचे आकडे घेऊन आलेख काढायला बसलो. रेघ चढत चढत आली आणि एका ठिकाणी एकदम खाली पडली. आफरीन पेन्सिल थांबवून बसून राहिली. सर म्हणाले, "तो आकडा अपवाद म्हणून सोडा, नाहीतर पुढचा अंदाज चुकेल." महेशनंच रबर उचललं आणि खाली पडलेली ती रेघ खोडली. त्या वेळी आम्हांला ते नुसतं गणित वाटलं.

पाण्याचा मूळ स्रोत, त्याला आमच्या भाषेत उद्भव म्हणतात. उद्भव सापडला की योजना निम्मी झाली. आम्ही आसपासचं सगळं पालथं घातलं. शेवटी भर उन्हाळ्यातही ज्यात पाणी हटत नाही अशी एकच जागा निघाली: जुन्या गावातली खालच्या वस्तीची विहीर. काळ्या दगडात बांधलेली, उतरायला पायऱ्या, आणि पाणी हिरवट, अगदी निवांत. त्यात गुरं सोडून कुणी तोंड घालत नव्हतं.

पंचायतीच्या खोलीत आम्ही हे सांगितलं. मग महेशचे वडील बोलले. त्यांना घरीदारी सगळे बापू म्हणायचे. किडकिडीत माणूस, पंचायतीचे मेंबर, आवाज कधी न चढवणारे.

"दुसरी कोन्ती बी हीर सांगा पोरायनो. त्या हिरीचं पानी या गावात येनार न्हाई."

"काका, पाणी तपासून घेतलंय. चांगलं आहे," मी म्हणाले.

"चांगलं असंल," बापू म्हणाले. "येनार न्हाई."

कुणी त्यांना विरोध केला नाही. माझ्या मनात मात्र वेगळीच शंका आली. खालची वस्ती म्हटल्यावर माझ्या घरात वाढलेल्या कुणाच्याही मनात ती आधी येते. माझे वडील म्हणायचे, गावात गेलं की विहिरीची खोली नंतर विचारावी, आधी विचारावं ही कुणाची. मी बापूंकडं त्याच नजरेनं बघायला लागले, आणि राहत होते त्यांच्याच घरात.

सरांना फोनवर सांगितलं तर ते हसले. "पाण्याला भूत नसतं, पातळी असते. सर्व्हे पूर्ण करा."

तर आम्ही जुन्या गावात पातळ्या घ्यायला लागलो. ती जागा भीतीदायक दिसत नव्हती, हेच विचित्र होतं. टळटळीत ऊन, होले घुमताहेत, सीताफळीच्या पानांचा उग्र वास. पण पायाखाली गल्ली कळायची. दोन्हीकडं माळवदाच्या मातीचे ढीग, आणि ढिगांच्या मधोमध उंबरे मात्र जागच्या जागी. घर नाही, भिंत नाही, नुसता उंबरा. एका ठिकाणी तुळशीवृंदावन उभं, त्यात कडुनिंब उगवून दोन पुरुष उंच झालेला. एका कोनाड्यात काजळी अजून काळीभोर होती. आम्ही तिघंही नकळत उंबरे ओलांडून जायचो, त्यांवर पाय द्यायचो नाही. आणि बोलायचो हळू. घरात कुणी निजलेलं असावं, तसे.

पातळ्या मोजताना एक पडताळा असतो. जिथून निघालात तिथं फिरून परत यायचं. आकडा जिथल्या तिथं आला पाहिजे. आमचा येईना. दर फेरीला थोडा खाली यायचा. आफरीननं यंत्र तपासलं, मी पट्टी तपासली. पुन्हा फिरलो, पुन्हा तेच. जणू आम्ही त्या गल्लीतून जाऊन येईपर्यंत गाव थोडंसं खचत होतं.

"मेरे को नको वाटून राहिलं इथं," आफरीन म्हणाली. "अपन जाऊन येऊन राहिलो, आन् जमीन खाली जाऊन राहिली."

शेवटी महेशला सापडलं. ज्या फरशीवर आम्ही दर वेळी पट्टी टेकवत होतो तिच्यावर तो उभा राहिला आणि टाच आपटली. आवाज पोकळ आला. खाली धान्याचं पेव होतं. पट्टीच्या आणि माणसाच्या वजनानं फरशी हळूहळू दबत होती. चूक कशी होत होती ते कळलं, आम्ही मोठ्यानं हसलो, आणि हसणं आमचं आम्हांलाच नको झालं. कारण त्या पोकळीतून ते परत आलं. थोडं उशिरा, आणि जरा बारीक होऊन.

महेशच्या घरी मी आणि आफरीन त्याच्या बहिणीच्या खोलीत निजायचो. रेणुका तिचं नाव. बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिला नर्सिंगला जायचं होतं. संध्याकाळी ती आमच्यासाठी भाकरी थापायची आणि महेशच्या गमती सांगायची. बापू तिला नावानं हाक मारायचे नाहीत, माय म्हणायचे. "माय, पानी दे." आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतोच, त्यात काही वेगळं नव्हतं. वेगळं एवढंच होतं, की तिनं तांब्या आणून दिला की बापू आधी ओट्याशी जायचे, पायरीच्या दोन दगडांच्या फटीशी वाकायचे आणि त्या फटीत धार सोडायचे. सावकाश, एका हाताचा आडोसा करून, लहान लेकराला पाजावं तशी. मग उरलेलं स्वतः प्यायचे. मी रेणुकाला विचारलं तर म्हणाली, "आधीपासून तसंच हाय त्यांचं. देवाला घालत असत्याल."

विहिरीत किती झरा आहे हे कळायला ती उपसून बघावी लागते. पाणी किती खाली जातं आणि किती वेगानं परत चढतं, त्यावरून तिची खरी ताकद कळते. महेशनं शेजाऱ्याचं इंजिन आणलं. बापूंना सांगितलं नाही, पण लपवलंही नाही. बापू त्या सकाळी न जेवता शेताकडं निघून गेले.

इंजिनाचा आवाज जुन्या गावातून घुमला तशी नव्या गावातून माणसं येऊ लागली. बायाही आल्या. सगळी माणसं काठाला लांबवर, आपापल्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. कोण कुठं उभं आहे यावरून कुणाचं घर कुठं होतं ते आम्हांला दिसत गेलं. पाणी उतरत होतं. दगडांवरचे दोरांचे घासलेले खोल चरे उघडे पडले. मग आणखी खालची, कधी ऊन न पाहिलेली ओल. मग एका कोपऱ्यात गाळ दिसला आणि गाळातून वर आलेले काठ. हंडे. घागरी. एक रहाटाचं चाक.

इंजिन बंद केलं. आत विषारी हवा नाही ना, हे बघायला आधी कंदील सोडून पाहिला. तो विझला नाही, तसा महेश खाली उतरला. एकेक भांडं दोरीला बांधून देऊ लागला, आम्ही वर ओढू लागलो. बऱ्याच भांड्यांवर नावं होती. लग्नात आलेली भांडी, टिपक्याटिपक्यांनी कोरलेली नावं. एकेक बाई पुढं यायची, पदरानं गाळ पुसायची, वाचता येत नसलं तर बोटानं चाचपायची, आणि भांडं कडेवर घेऊन आपल्या जागी जाऊन उभी राहायची. रडणं नाही, काही नाही. तेवढी माणसं आणि तेवढी शांतता मी परत कधी अनुभवली नाही.

त्या शांततेतच तो आवाज सुरू झाला. रिकाम्या विहिरीत झरे परत फुटले होते. खडकाच्या भेगांतून पाणी यायला लागलं की आवाज येतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. तो असा असतो हे कुठं लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या खोलीत बरीच माणसं खालच्या आवाजात बोलत असावीत, तसा. शब्द कळत नाहीत, पण बोलताहेत हे कळतं. आफरीननं माझा दंड घट्ट धरला. काठावरची माणसं एकेक करून खाली बसली आणि ऐकत राहिली.

रेणुका जेवण घेऊन आली ती याच वेळी. महेशनं शेवटचं एक लहान भांडं वर दिलं. पितळी गडवा, मुठीत मावेल एवढा, काळाठिक्कर पडलेला. रेणुकानं तो सहज हातात घेतला, माती लावून घासला, पाणी ओतलं, आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवून वाचलं, "चि. रेणुका हिस, मामाकडून."

"माझं नाव!" ती म्हणाली. मग तिचं बोट खाली गेलं. खाली साल कोरलेलं होतं. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं.

काठावरच्या म्हाताऱ्या बाया तिच्याकडं बघत होत्या आणि तिनं वर पाहिल्याबरोबर सगळ्यांनी माना फिरवल्या. त्या एका हालचालीवरून मला कळलं, की हे सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त त्या दोघा भावंडांना नाही. बापूंचं आधीचं लग्न, ती बाई भूकंपात गेली, एवढं महेशला ठाऊक होतं. एक मुलगी होती हे ठाऊक नव्हतं. त्या गावात एक न बोललेला करार होता: ज्याचं त्याचं माणूस, त्याचं नाव त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं नाही.

रेणुका तशीच घरी निघाली. आम्ही तिच्या मागं. बापू ओट्यावर बसले होते. महेशची आई दारात धान्य निवडत बसलेली. रेणुकानं गडवा बापूंपुढं ठेवला. बापूंनी हात लावला नाही. 

"कुठं घावला?"

"हिरीत," महेश म्हणाला.

"म्याच टाकला व्हता," बापू म्हणाले.

मग ते बोलले. आमच्याकडं न बघता, गडव्याशी बोलावं तसे. उजाडायच्या आधी घर बसलं. बायको जागीच गेली. पोर ढिगाखाली जिती होती. भिंतीच्या दोन दगडांमधल्या फटीतून तिचा आवाज यायचा. पाणी मागायची. "वरची आमची हीर फाटली, थेंब न्हाई. खालच्या वस्तीच्या हिरीवर म्या जन्मात गेलो नव्हतो. त्या दिशी सगळं गाव त्या हिरीवर आलं, कितीकांचे हंडे आत पडले, कुनी कुनाला इचारलं न्हाई. त्यांच्याच मान्सानं शेंदून दिलं. मातीत तिचाच गडवा घावला, त्यानं फटीतून सोडलं. घोट घोट. ती पेली. म्या हाक मारायचो, ती ओ द्यायची. पुन्ना पानी सोडायचो. आसं करता करता..."

पुढं म्हणाले, "मग पानी तसंच भाईर वघळ काढून यायलं. तरी म्या सोडतच व्हतो."

माझी नजर पायरीच्या दगडांकडं गेली आणि मी ती लगेच काढून घेतली. या माणसाबद्दल मनात धरलेली शंका मी त्या क्षणी मुकाट्यानं गिळली.

रेणुका रडली नाही. तिनं गडवा उचलून नावावर बोट ठेवलं. "मंग मी कोन, बापू? मला मेलेलीचं नाव दिलं तुमी?"

 बोलली ती तिची आई. हातातलं सूप खाली ठेवून, अगदी साध्या आवाजात. "त्येंनी न्हाई दिलं. म्या दिलं. लगीन करून आले तवा ह्ये झोपेत हाक मारायचे. रोज. आन् मारून झाली की गप ऐकत पडायचे. घरात हाक हाय आन् ओ देनारं कुनी न्हाई, आसं कसं चालंल? तू झालीस तवा म्या म्हनलं, हीच रेणुका. मंग त्यांची झोपेतली हाक थांबली. पर जागेपनी तुला त्या नावानं हाक मारायला त्यांची जीभ उचलली न्हाई."

पुढं काय झालं ते सरळ आहे. दोनच दिवसांनी ग्रामसभा झाली. आमचे नकाशे भिंतीला लावलेले, पण कुणी ते पाहिले नाहीत. सगळे बापूंकडं बघत होते. ते उठले आणि म्हणाले, "पानी गोड हाय. माझ्या लेकीनं पेलंय." कोणत्या लेकीनं, ते कुणी विचारलं नाही. हात वर झाले. खालच्या वस्तीतला एक म्हातारा फक्त एवढं म्हणाला, "आमच्या हिरीचं पानी, असं पाटीवर लिवा म्हंजे झालं." तेही मंजूर झालं. आमचा आराखडा कच्चा होता. पुढं सरकारी योजना आली तेव्हा नळाचा मार्ग बदलला, टाकी दुसरीकडं गेली. पण उद्भव तोच राहिला. महेश आता पुण्याकडं असतो. आफरीन नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते, आणि आजही विहिरीच्या कामाला माझ्याबरोबर येत नाही. रेणुका लातूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. गडवा तिच्याकडं आहे.

प्रोजेक्टच्या अहवालात त्या विहिरीचं एक पान आहे: पाणी किती वेळात किती चढलं त्याचा तक्ता. तो मी भरला. मधे एक नोंद गाळलेली आहे. परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, वाचायची राहिली. खरं सांगण्यासारखं नव्हतं.

बापूंचं बोलणं झालं त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, ते न सांगता उठून जुन्या गावाकडं चालू लागले होते. भूकंपानंतर पहिल्यांदा. आम्ही मागं गेलो. काठावरची माणसं पांगली होती. विहीर निम्मी भरून आली होती, पाणी निवळलं होतं, आणि ते बोलल्यासारखे आवाज आता अगदी बारीक झाले होते. मी टेप सोडून नोंद घ्यायला काठावर बसले. बापू कठड्याशी वाकले आणि खाली बघत त्यांनी हाक मारली.

"रेणुकाऽ"

विहिरीनं ती घेतली, भिंतींवरून फिरवली, आणि नुसता शेवटचा 'आऽ' परत दिला. लांब, चढा. हाकेसारखा नाही, उत्तरासारखा. टेपवरचा आकडा वाचायचा तसाच राहिला.

बापू आणखी वाकले. "पानी पेलीस का, माय?"

खालून काही आलं नाही. झऱ्यांचा आवाजसुद्धा थांबल्यासारखा वाटला. माझ्या शेजारून रेणुका उठली. पायऱ्या उतरत उतरत पार पाण्यापर्यंत गेली. तिथं अंधार होता. वरून तिची नुसती ओढणी दिसत होती. तिनं ओंजळ भरली. प्यायल्याचा आवाज आम्हांला वर स्पष्ट ऐकू आला.

"पेले, बापू," ती खालून म्हणाली.